दाजींनी निवडलेला तलाव

देवावर विश्वास नसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण छापील लेबलावर काडीचा विश्वास नसलेला माणूस अख्ख्या सुरतेत एकच, आणि नेमका तोच माझ्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. आमचे दाजी. खानदेशातून आले ते उधन्याच्या कारखान्यात कापड तपासायला लागले आणि त्यातच त्यांची हयात गेली. कापड दिसलं की धागा उपसायचा, काडी ओढायची, धागा जाळून वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी माझ्याच फेट्याचा धागा जाळला. "नाना, रेशीम नाही हे, पॉलिस्टर आहे. सासऱ्याने फसवलं रे तुला," असं ते माझ्या कानात म्हणाले, पण कारखान्यातल्या आवाजाने. अंतरपाटापलीकडून नवरीने ऐकलं. ती अजून मला ऐकवते.

निवृत्त झाल्यावर दोघं सुरतेबाहेर कामरेजला राहायला गेले. चार पावलांचं अंगण असलेलं घर. तिथे अक्काच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, कमरेइतक्या पाण्यात रोज चाला, नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशनचं नाव काढलं की अक्काचं पाणी पाणी होतं. पण सार्वजनिक पोहण्याच्या तलावाचं नाव काढताच ती उसळली, "या वयात तसले कपडे घालून चारचौघांत उतरू? त्यापेक्षा रांगत फिरेन!" दाजी म्हणाले, "ठीक आहे. तलावच घरी आणू." खणायचा नाही, जमिनीवर नुसता मांडायचा, असले तलाव हल्ली मिळतात असं त्यांनी कुठूनसं शोधून काढलं होतं.

मग सुरू झाली निवड. स्कूटर माझी, पेट्रोल माझं, अक्कल त्यांची. हवा भरून फुगवायचा तलाव त्यांनी बघताक्षणीच बाद केला. "मांजराचं नख लागलं की तुझी अक्का रस्त्यावर वाहत येईल." लोखंडी नळ्यांच्या सांगाड्याचे तलाव त्यांना पसंत पडले, पण गोल की लांबट? एका दुकानात ते चपला काढून मांडलेल्या कोरड्या तलावात सरळ उतरले आणि काठ धरून, हुबेहूब अक्कासारखं लंगडत, फेऱ्या मारू लागले. गिऱ्हाइकं जमली. मी पंख्यांच्या विभागात जाऊन पंखे बघत उभा राहिलो. दहा मिनिटांनी आतून घोषणा झाली, "गोल नको! गोलात सारखं वळावं लागतं, तिचा डावा गुडघा वळताना दुखतो." लांबट ठरला. मालक खूश झाला, तेवढ्यात दाजींच्या खिशातून काडीपेटी निघाली. मालकाने धावत येऊन त्यांचा हात धरला. "काका, आ पूल छे, साडी नथी!" तलाव आहे हा, साडी नव्हे.

तलाव आला. अंगण सपाट करून आम्ही सांगाडा उभा केला. शेजारच्या काकी कुंपणावरून कौतुकाने म्हणाल्या, "भेंस लाव्या के?" नळ्यांचा सांगाडा बघून त्यांना वाटलं, दाजींनी म्हैस आणली. सकाळी पाण्याची नळी लावली ती दुपारपर्यंत चालूच, पाणी मात्र घोट्याच्या वर चढेना. तेवढ्यात काकी ओरडल्या. त्यांचा ओटा भिजून गेला होता.

"दाजी," मी विचारलं, "खरं सांगा."

"कोपऱ्यात, तळाला," ते खाली बघत म्हणाले. "दिसणार नाही अशा ठिकाणी. नुसती काडी लावून बघितली रे. लेबलावर काय, काहीही छापतात!"

मला हसू आवरेना. पण अक्का बाहेर आली. जुन्या साडीची तिने पाण्यात घालायला सलवार शिवली होती, ती घालून, केस बांधून आली होती. रिकाम्या तलावाकडे तिने एकदा पाहिलं आणि पायरीवर बसली. "जाऊ द्या. कापू दे डॉक्टरला." माझं हसू जागीच जिरलं. दाजी म्हणाले, "जन्मभर लोकांच्या कापडातली भोकं शोधली गं, आणि तुझ्या तलावाला मीच पाडलं." त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला घरी आणलं. त्याने ट्रकच्या ट्यूबला लावतात तसलं ठिगळ लावलं. पुन्हा नळी लावली. या खेपेला दाजी तिथून हलले नाहीत, जेवणसुद्धा काठाशीच. पाणी कमरेइतकं झालं तेव्हा अक्का शिडीवरून देवाचं नाव घेत उतरली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि थांबून मोठ्याने म्हणाली, "अगं बाई! दुखतच नाही!"

दाजी शिडीला घट्ट धरून उभे होते. त्यांना पाण्याची भीती वाटते, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. अक्काला अर्थातच ठाऊक होतं. तिने हात पुढे केला आणि आमच्या घरच्या अहिराणीत म्हणाली, "या ना मझार. मी शे ना आठे." आत या, मी आहे ना इथे.

शर्ट-पँट, मनगटावर घड्याळ, अशा थाटात दाजी डोळे मिटून उतरले. तिने त्यांचा हात सोडला नाही. अक्का पुढे, दाजी मागे, एकेक पाऊल. मला भरून आलं. टॉवेल आणतो म्हणून मी आत गेलो आणि दोरीवर समोरच वाळत असलेला टॉवेल बराच वेळ शोधत राहिलो.