उजवीकडून लिहिलेला तक्ता

"हा एप्रन आहे की तंबू?" सोमण साहेबांनी विचारलं.

सोमण हे अंबरनाथच्या एका कारखान्याचे मॅनेजर. त्यांनी माझ्या गठ्ठ्यातला एक एप्रन पॅकिंग खात्यातल्या ठमाबाईंच्या गळ्यात अडकवला होता. तो त्यांच्या पावलांवर लोळत होता.

"साहेब, यात माझी सून पन मावंल," ठमाबाई म्हणाल्या. सगळं खातं हसलं. मला हसू येईना. माल मी आणला होता.

"लहान साइज एकशेवीस मागितले होते, मोठे वीस," सोमण म्हणाले. "तुम्ही मोठे एकशेवीस आणलेत. माझ्याकडे पॅकिंगला काय पहिलवान बसतात? शुक्रवारपर्यंत बदलून द्या, नाहीतर सगळा माल परत."

तो दिवस बुधवार होता.

मी तेव्हा उल्हासनगरात पुनर्वसन ऑफिसात सुपरवायझर होतो. उल्हासनगरला तेव्हा सगळे कॅम्पच म्हणत. सिंध सोडून आलेली कुटुंबं तिथे लष्कराच्या रिकाम्या बराकींत राहत होती. त्यांतल्या अठरा बायकांनी शिवणकामाची सहकारी सोसायटी काढली होती. सहकारी म्हणजे मालक कोणी एकटा नाही. शिवणाऱ्याच मालक, आणि काय शिवायचं, कोणाचं काम घ्यायचं हे ठरवणाऱ्याही त्याच. दोनशे एप्रन ही त्यांची पहिली ऑर्डर होती.

सायकल हाणत ऑफिसात आलो आणि रेगे साहेबांना सगळं सांगितलं. ते माझे वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता, पण फायली लवकर बंद करायची त्यांना आवड होती.

"मी म्हटलंच होतं," ते म्हणाले. "मुंबईचं दानशूर मंडळ गाठोडी भरभरून कपडे पाठवतंय. फुकट मिळतंय ते घ्यायचं सोडून या बायकांना शिवायची हौस कशाला? मंडळाला वाटपासाठी एक बराक हवीच आहे. शुक्रवारी माल पास झाला नाही, तर सोसायटीचीच देऊन टाकू."

बराक गेली की मशिनं ठेवायला जागा नाही. म्हणजे त्याच बराकीच्या दारात त्याच अठरा जणी पुन्हा जुन्या कपड्यांच्या रांगेत.

बराकीत शिरलो तर नेहमीप्रमाणे आधी पापड आणि पाणी पुढे आलं. सिंधी घरात पाहुण्याला पापड-पाण्याशिवाय बोलू देत नाहीत. मी पापड हातात धरून उभा राहिलो आणि दुसऱ्या हाताने एप्रन पुढे केला.

सोसायटीच्या सेक्रेटरी किशनीबाई. सिंधमध्ये त्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी शांतपणे माझाच तक्ता काढला. "देखो साईं, जैसा आपने दिया, वैसा बनाया."

मी तक्ता बघितला आणि घोळ लक्षात आला.

तक्त्यात मी तीन रकाने आखून इंग्रजी आकडे आधीच भरले होते: एकशेवीस, साठ, वीस. किशनीबाईंना देवनागरी वाचता येत नसे, म्हणून साइजची नावं मी तोंडी सांगितली होती. लहान, मध्यम, मोठा. त्यांनी ती सिंधी लिपीत आकड्यांच्या वर लिहिली. आणि सिंधी उजवीकडून डावीकडे लिहितात! 'लहान' बसलं वीसच्या डोक्यावर, 'मोठा' एकशेवीसच्या.

"बाई, तुम्ही उलटं लिहिलंत," मी म्हणालो.

"उल्टा आपने लिखा, साईं. मैंने तो सीधा लिखा."

मग मशिनवरच्या एक आजी, सतीबाई, खो-खो हसत सुटल्या आणि बराक दणाणली. शेवटी मीही हसलो.

"पण आता शंभर एप्रन नव्याने शिवायचे कधी? कापडही संपलंय," मी म्हणालो.

"नया क्यों?" सतीबाईंनी डोळे पुसले. "बड़े को छोटा करना है ना? दो साल से हम करते क्या हैं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मंडळाची गाठोडी यायची ती साहेबलोकांच्या ढगळ गरम कोटांची. कॅम्पच्या उकाड्यात ते घालणार कोण? या बायका ते उसवायच्या, कापायच्या, पोरांच्या मापाचं काहीबाही शिवायच्या. मोठ्याचं लहान करण्यात अख्ख्या ठाणे जिल्ह्यात त्यांचा हात धरणारं कोणी नसेल.

आठ जणी उसवायला बसल्या, सहा कापायला, चार मशिनवर. खाली कापलेल्या पट्ट्यांचा ढीग वाढू लागला. कापड वाया घालवणं त्या बायकांच्या रक्तात नव्हतं. किशनीबाईंनी विचारलं, "पैकिंगवाली बाई सुतली-कैंची कहाँ रखती है?"

"कमरेला खोचते."

"कमरेला," त्यांनी माझा शब्द घोळवला आणि प्रत्येक लहान एप्रनला पट्टीचा एक खिसा बसवायला सांगितला.

शुक्रवारी सोमणांनी पुन्हा ठमाबाईंनाच बोलावलं. एप्रन बरोबर गुडघ्यापर्यंत आला. ठमाबाईंनी खिशात सुतळीचा गुंडा टाकला, कात्री टाकली, आणि म्हणाल्या, "आता ह्यो काढणार न्हाय मी."

"खिसा ऑर्डरमध्ये नव्हता," सोमण माझ्याकडे बघून म्हणाले. "पुढच्या ऑर्डरीत सगळ्यांना लावा."

बराक राहिली. मंडळाचं पत्र आलं, आणखी कोट हवेत का? किशनीबाईंनी मला उत्तर लिहायला बसवलं: कोटांबद्दल आभार, त्यांवर आमचा हात बसला. आता गाठोडी नकोत. मंडळाला पिशव्या, पडदे, काही शिवून हवं असेल तर कळवावं. रेगे साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि सही केली.

पत्र लिहून मी उठलो होतो तेव्हा किशनीबाईंनी माझ्या कोटाची बाही धरली. बदलापूर गावातून पदवीधर झालेला मी पहिलाच. इंटरव्ह्यूसाठी माझ्या हेडमास्तरांनी स्वतःचा कोट दिला होता. त्यांच्या उपकारांची आठवण म्हणून मी तोच घालायचो, बाह्या दुमडून.

"ये भी दान का है ना? उतारो."

दुसऱ्या दिवशी बाह्या मनगटावर आल्या होत्या. कोट हेडमास्तरांचाच होता, पण पहिल्यांदाच माझा वाटला.

पुढे तीस वर्षं नोकरी केली, शेकडो तक्ते काढले. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर मी आधी एक बाण काढत असे, कुठून वाचायचं ते सांगणारा. आणि ज्याला वाचायचंय त्यालाच आधी विचारत असे, बाण कुठे तोंड करून काढू?