वडिलांच्या मशीनचा दाब मी वाढवला

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. मोर्चे काढणारे आम्ही, पत्रकात असं कधी लिहीत नाही. पत्रकात चूक कायम समोरच्याची असते.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, फौंड्रीत क्रेन चालवतात. छपराखालून रुळांवर फिरणारी क्रेन. वर केबिन, खाली वितळलेल्या लोखंडाची बादली आणि तिच्या आजूबाजूला माणसं. गेल्या वर्षी आबांना केबिनमध्ये डुलकी लागली. बादली रिकामी होती म्हणून निभावलं. सेफ्टीच्या साहेबांनी त्यांना खाली उतरवून वाळूच्या खात्यात घातलं आणि बजावलं, डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय वर चढायचं नाही.

तपासणीत कळलं की झोपेत आबांचा घसा मिटतो आणि श्वास पुन्हा पुन्हा थांबतो. म्हणजे माणूस सात तास अंथरुणावर आणि विश्रांती नावाला नाही. डॉक्टरांनी दोन दाबांचं मशीन लिहून दिलं. श्वास घेताना हवेचा दाब जास्त, सोडताना कमी. मशीनवाल्यांचा माणूस घरी आला, आबांच्या नाकावर मास्क बसवला, चहा प्यायला आणि विचारलं, "काका, कसं वाटतंय?"

"बरं हाय," आबा म्हणाले.

दहा मिनिटांत तो गेलासुद्धा. आमच्या घरात चहा प्यायलेल्या माणसाला तक्रार सांगत नाहीत. पावण्याचं तोंड कडू करायचं नाही, हे आबांचं शिक्षण.

वाळूच्या खात्यातही पाळी रात्रीचीच होती, त्यामुळे आबा सकाळी दहाला झोपायचे आणि संध्याकाळी उठायचे ते लाल डोळ्यांनी. भाकरी मोडता मोडता मान खाली जायची. मी विचारलं की उत्तर तेच, बरं हाय. मशीनवाल्यांना फोन केला तर म्हणाले, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सेटिंग बदलता येत नाही, ते लॉक असतं. लॉक म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. कुलूप दिसलं की आत कुणाचं तरी हित दडलंय, असंच आम्ही शिकलो. मी त्याच दिवशी पत्रक लिहायला घेतलं. मथळा होता 'श्वासाला कुलूप कुणाचं?' मथळ्यावर मी खूश होतो.

मग मोबाइलवर शोधून ते कुलूप मीच काढलं आणि श्वास घेतानाचा दाब चौदाचा अठरा केला. कमी दाबाला कुणी दाद देत नाही, हा मोर्च्यांमधला अनुभव. तोच मी आबांच्या नाकाला लावला.

आबा आठ दिवस ढेकर देत होते, जेवण निम्म्यावर आलं. आई म्हणाली, "अरं, त्यांचं पोट बघ की. ढोलावानी फुगलंय."

"सवय होईल," मी म्हणालो. सत्ताधारी बोलतात तसं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मशीनचं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. "हा दाब कुणी वाढवला?"

मी भाषण सुरू केलं. रुग्णाचा हक्क, माहितीचा हक्क. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. आधी घसा मिटत होता. तो अजून थोडा मिटतोच आहे. वर आता इतकी हवा कोंबल्यामुळे शरीर स्वतःहून श्वास घ्यायचं मध्येमध्ये सोडून देतंय. श्वास थांबणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं. "हक्क मान्य आहे," ते म्हणाले. "पण श्वास यांचा आहे. यांना विचारलं होतं का?"

"इचारलं हुतं की," आबाच म्हणाले. "मीच बरं हाय म्हणालो."

मला वाचवत होते. पोलीस ठाण्यात मी ताठ उभा राहिलो आहे. दवाखान्यातून मात्र मी आबांच्या मागून, खाली बघत बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवाल्यांची दुसरी टेक्निशियन आली. माझ्याच वयाची बाई, शिरोळपासून गगनबावड्यापर्यंत अख्खा जिल्हा एकटी फिरते. आईनं चहाचं आधण ठेवलं तर म्हणाली, "काकू, आधी काका झोपू देत, चहा मग." डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे तिनं घेतानाचा दाब उतरवला, सोडतानाचा थोडा चढवला. "काका, आता?"

आबांनी अंगठा वर केला. तिचा विश्वास बसला नाही.

"काका, क्रेनवर असताना खालच्या माणसाचं बोलणं ऐकू येतं?"

आबांनी मास्क बाजूला केला. "कुठलं? आवाज किती असतोय. खालचा माणूस हातानं खुणा करतोय, त्यावर आम्ही चालतोय."

"मग आज तुम्ही खालचा माणूस. मी क्रेनवाली. बोलायचं नाही, खुणा करा."

आबा डोळे मिटून पडले. थोड्या वेळानं तळहात पालथा होऊन हळूहळू खाली आला. सावकाश. मग मूठ मिटली. थांब. त्यांनी मास्क काढला आणि उठून बसले.

"झटका बसतोय बघा, बाई. वजन उचलायच्या आधी साखळी ताणून घ्यायची असती, मग उचलायचं. हे ढिल्या साखळीलाच हिसका मारतंय."

"एवढं सांगायला दोन महिने लागले व्हय काका?"

"कोण इचारतंय," आबा म्हणाले.

हवा खालच्या दाबावरून वरच्या दाबावर किती वेगानं चढावी, याचंही एक सेटिंग असतं. डॉक्टरांना फोन करून तिनं ते हळू केलं. मग भिंतीला टेकून एक वाजेपर्यंत बसली. मीही बसलो. आबांची छाती वर जात होती, खाली येत होती. वडिलांना झोपलेलं इतका वेळ मी कधी पाहिलंच नव्हतं.

चहा घेताना मी विचारलं, हे पहिल्याच दिवशी का झालं नाही? ती म्हणाली, "मला दिवसाला सहा घरं असतात. बसायला सवड कोण देतंय? आज मी सुट्टी टाकून आलीय."

राग करायचा तर याचा करायला हवा होता. मशीन विकायला माणसं आहेत, माणसाशेजारी बसायला नाहीत. कुलपाच्या मथळ्याचं पत्रक मी फाडलं. सेटिंग डॉक्टरांनीच ठरवावं, पण रुग्ण एक झोप काढेपर्यंत शेजारी कुणी बसलं नाही तर मशीन बसवलं असं म्हणू नये, एवढंच नव्या पत्रकात लिहिलं. ते लोकांत वाटलंही.

महिन्याभरानं डॉक्टरांनी क्रेनवर चढायच्या कागदावर सही केली. मी गाडी थेट फौंड्रीकडे वळवली. मागून आबा म्हणाले, "घराकडं घे. अजून आठ दिस वाळूतच ऱ्हातो."

"आबा, सही झालीय. आता साहेबांना नाही म्हणता येणार नाही."

"त्यांचं कोण बोलतंय? काल जेवल्यावर डोळा लागला हुता माझा. वर बसून लागला तर खाली माणसं असत्यात."

माझ्याकडे मुद्दे होते. मी गाडी घराकडे वळवली.

घरी आल्यावर म्हणाले, मास्क डाव्या बाजूनं फुसफुसतोय, बाईंना फोन करून सांग. मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. ते अंगणात उभे राहून बराच वेळ बोलले.

आठाचे पंधरा दिवस झाले. मग एका मंगळवारी ते क्रेनवर चढले. मला ते बुधवारी सकाळी, ते कामावरून आल्यावर कळलं. चहा प्यायले, मास्क लावला आणि झोपले.