हुजुरांची टोपी

हळद-लोण्याचा वास आला की मला निजामाच्या अमलातला आमच्या आष्टीचा एक पोळा आठवतो. आमचा म्हातारा बैल साऱ्यांच्या गव्हाणीत तोंड घालायचा, पण मानेवर जू ठेवू द्यायचा नाही. हुजुरांची, म्हणजे खुद्द निजामाची, रीतही तीच, म्हणून दादानं त्याला कचेरीतल्या तसबिरीत हुजूर घालतात तसली पिवळी टोपी चढवली. बैल वेशीत आला, हशा पिकला, अन् तेवढ्यात पोलिसांचा अमीन घोड्यावरून उतरला. वाजंत्री थांबली. "टोपी किसने बनाई?" दादा म्हणाला, "म्या." अमीनानं त्याच्या हातात छडी कोंबली. "तो मार इस बैल को, सबके सामने!" दादानं छडी खाली धरली. "आज पोळा हाय, सायेब. आज बैलावर कुनी हात उगारत न्हाई." मग अमीनानं ती छडी हिसकावली आणि दादाच्या पाठीवर मोडेपर्यंत चालवली. संध्याकाळी, आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळून उरलेलं हळद-लोणी मी त्या पाठीला लावत होते, तेव्हा तो दात आवळून म्हणाला, "टोपी बराबर बसल्ती गं." शिवली मी होती. अमीन विचारत होता तेव्हा मी ओवाळणीचं ताट धरून चार हातांवर उभी होते. आज ना अमीन आहे ना दादा, तेव्हा कुठं तोंड उघडतेय.