विजयाच्या जेवणाची सुरमई

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मी एका होडीत मावतील एवढ्या मतांनी पडले. रत्नागिरीला मतमोजणीच्या खोलीत निकाल ऐकला आणि माझ्या तोंडून "परत मोजा" एवढंच निघालं. परत मोजलं. परत पडले. खाडीकाठची आमची वाडी माझी हक्काची. तिची काळजी नव्हती म्हणून मतदानाचा अख्खा दिवस मी वरच्या वाडीत लोकांची मनधरणी करत काढला होता. मग आमची मतं गेली कुठे?

दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "तोंड लपवून बसू नकोस. ज्यांनी मतं दिली त्यांचे आभार मानून ये." मी आतून धुमसत होते. कोणीतरी नक्की फितूर झालं होतं, आणि कदाचित त्याच्याच अंगणात मला गोड हसत उभं राहायचं होतं. तरी गेले.

पहिलं घर तांडेलाचं, म्हणजे आमच्या मोठ्या होडीच्या म्होरक्याचं. नात्याने माझा चुलतदीर, प्रचारात घसा बसेपर्यंत ओरडलेला. मी हात जोडले, त्यानेही जोडले. नमस्काराला बोटं वर आली आणि मी बघतच राहिले. डाव्या तर्जनीवर शाईचा ठिपकासुद्धा नव्हता.

"भावोजी, तुमचं बोट कोरं कसं?"

त्याने हात पाठीमागे नेले. त्याच्या बायकोनेच सांगून टाकलं. "बाप्ये पहाटेच दर्यात गेलेले. वयनी, तुमी निवडून येनार म्हंजे गावजेवन आलाच. बाजारची मासली वाढनार काय लोकांना?"

आमच्या वाडीत आनंदाच्या जेवणाला विकतची मासळी चालत नाही. आपल्याच होडीने आणावी लागते.

"दुपारी येनारच होताव," तांडेल म्हणाला. "पन सुरमई अशी लागली, काय सांगू! कोनतरी म्हटला, आनखी एक जाल टाकू. तवर ओहोटी लागली."

ओहोटीत आमच्या खाडीच्या तोंडातून होडी आत येत नाही. म्हणजे मतदान संपेपर्यंत माझी मतं शाळेच्या समोर, पाण्यावर, नांगर टाकून बसली होती. तिथून शाळेवरची मतदानाची रांग दिसत होती म्हणे!

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. फितुरी असती तर निदान शिव्या तरी घातल्या असत्या. ह्यांना काय घालू? पुढच्या घरांतही तेच. कोरी बोटं, खाली घातलेल्या माना, वर चहा घेण्याचा आग्रह. 'आभारी आहे' म्हणताना माझी मलाच लाज वाटत होती.

दुपारी घरी आले. बर्फात ठेवलेली सुरमई सासूबाईंनी तळली होती. नवरा वाढायला वाकला आणि माझी नजर त्याच्या डाव्या तर्जनीकडे गेली. निवडणुकीपासून त्याच घरात वावरतेय, पण ते बोट मी पाहिलंच नव्हतं.

"तुम्हीसुद्धा?"

त्याने तुकडी तशीच हातात धरली. "आणखी एक जाळं टाकू, असं मीच म्हटलं," तो म्हणाला. "तुला सुरमई आवडते म्हणून."

आभार मानायचं शेवटचं घर माझंच निघालं. हात काही जोडता आले नाहीत. मी ताट पुढे केलं.