आत्याची चाल

परवा एका लग्नात ओल्या हळदीचा वास आला आणि मी मांडवातून उठून बाहेर आले.

ऐंशीच्या दशकात गिरीज गावातल्या आमच्या वाडीत कमळआत्या हळदीची गाणी म्हणायची. एकदा कॅसेटी काढणारा एक माणूस टेपरेकॉर्डर घेऊन आला आणि आई लेकीला निरोप देते ते आत्याचं गाणं भरून घेऊन गेला.

पुढच्याच हळदीला मांडवातल्या कर्ण्यावर आत्याची चाल वाजली. आवाज भलत्याच बाईचा, खाली यंत्रातल्या ढोलकीचा धडधडाट, आणि शब्द नवरीच्या अंगाबद्दलचे, घाणेरडे. पुरुष शिट्ट्या मारायला लागले. पाटावरच्या नवरीने पदर ओढून घेतला.

"बंद कर रे ते!" आत्या ओरडली.

"अगं, तुझंच तर गाणं!" कर्णेवाला हसला.

आत्या नंतर कधी गायली नाही. ती कॅसेट काढणारा तो टेपरेकॉर्डरवाला मात्र तिच्यावर मोठा संगीत निर्माता झाला. त्याला गाण्यातलं काही कळत नसावं, असं मी इतकी वर्षं समजत होते. पण परवा त्या वासासरशी आठवलं, आत्या गात असताना मी शेजारीच बसले होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला सगळं कळलं होतं, आणि त्याचीच मला जास्त किळस येते.