करपल्या शेंगांचा वास

हे मी आजवर कुणालाच बोलले न्हाय. मालकांना न्हाय, देवाम्होरं हात जोडून उभी ऱ्हायले तवाबी न्हाय. देवाला काय सांगायचं — त्यानं तर बघितलंच होतं की. तुला सांगते. का सांगते ते मात्र विचारू नगंस, मलाबी ठावं न्हाय.

आदी उखळाचं सांगते, ते सोपं हाय. ते समद्या चाळीला ठावं हाय.

सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या दोन-तीन वर्सं आदीची गोष्ट. गिरणीच्या चाळीत आमी ऱ्हात होतो — मी, माजं मालक, धाकलं भाऊजी, त्यांची बायको सगुणा, तिची वर्साची तानी, आन् आमची सासू, आत्याबाई. दोगं भाऊ गिरणीत जायचं. मी थोरली. मला मूल न्हाय. सगुणाला आल्या आल्या पदरात लेक. असो.

आमच्यात शेंगाची चटणी दोगी मिळून कुटायच्या. एक उखळ, दोन मुसळं — माजं खाली आलं की तिचं वर. मदीच एकीनं वाकून कडेचं दाणं आत लोटायचं, आन् वाकायच्या आदी मोठ्यानं ‘थांब’ म्हणायचं, ही रीत. त्या दिशी सगुणा ‘थांब’ म्हणाली. नेमका तवाच गिरणीचा भोंगा वाजला. मला काय ऐकू आलं न्हाय. मुसळाच्या बुडाला लोखंडाचं कडं असतंय, ते तिच्या डाव्या कानाच्या वर बसलं.

ते माज्या हातनं झालं. पर ते पाप न्हवं. मी ऊर बडवून समद्यांना सांगितलं, माज्या हातनं झालं म्हणून. कुणी मला बोल लावला न्हाय, सगुणाच्या आईनंसुदा न्हाय. मग सांगायचं काय ऱ्हायलंय? — थांब जरा.

सरकारी दवाखान्यात सगुणा कितीतरी दिस डोळं मिटून पडली होती. डॉक्टर म्हणाला, हाड भरून येईल, आतलं काय सांगता येत न्हाय. शुद्धीवर आली ती दुसरीच बाई आली. तांब्याला वहाण म्हणायची, पाणी पायजे असलं की ‘विस्तू द्या, विस्तू द्या’ म्हणून रडायची. उजव्या हातात बळ न्हाय. उजेड सोसायचा न्हाय. भोंगा वाजला की कान दाबून कोपऱ्यात बसायची. मदीच हसायची, मदीच ताट भिरकावायची — आन् मग त्या ताटाकडं असं बघायची, जणू दुसऱ्याच कुणी टाकलंय. बाया म्हणाल्या, बाधा हाय. लिंबं उतरून झाली, अंगारा झाला. एकदा तानीला नळावर ठिवून ती तशीच घरात आली, पोर इसरून. तवा आत्याबाईनं तानीला उचललं आन् माज्या मांडीवर आणून ठिवलं.

पोरीचा वास किती गोड असतोय गं. मला आदी ठावंच न्हवतं.

सगुणाला मीच शिकवलं समदं. लुगड्याचा काष्टा घालायला, येणी घालायला, डाव्या हातानं घास घ्यायला. एक एक शब्द तिच्या तोंडात घातला — ही चूल, हा तवा, ही मी, आक्का. भाकरी मात्र शिकवावी लागली न्हाय. एक दिस पीठ म्होरं ठिवलं आन् तिचं हात आपसूक थापायला लागलं. ती हाताकडं बघत होती आन् रडत होती. मीबी रडले. ते रडणं खरं होतं — तुला पटंल का? चाळीतल्या बाया म्हणायच्या, सख्खी भन एवढं करणार न्हाय. मी मान खाली घालायची. लई बरं वाटायचं.

वरीस गेलं, दुसरं निम्मं गेलं. सगुणा सुधारली. हळू बोलायची, थकली की शब्द अडायचा, पर बाई मार्गी लागली. आन् मग तिनं एक दिस तानीला मागितलं. म्हणाली, रातचं माज्याजवळ निजू द्या. तानी तवर मला आये म्हणायला लागली होती.

आत्याबाई म्हणाली, “एक दिस घरचा समदा सैपाक एकलीनं करून दाव. नीट केलास, तर घे तुजी पोर.”

आता ऐक. सगुणाचं एक गुपित होतं, ते तिनं मलाच एकलीला सांगितलं होतं. डोक्याला लागल्यापासनं तिला वास येत न्हवता. कशाचाच. फोडणीचा न्हाय, फुलाचा न्हाय, पोरीच्या टाळूचा न्हाय. “आत्याबाईला सांगू नगा आक्का,” म्हणाली होती, “म्हणतील अजून खुळीच हाय.” शेंगदाणं भाजताना ती रंग बघायची, तडतड ऐकायची, बोटानं साल चोळून बघायची. असं करत करत ती आमच्यापरीस बरं भाजायला शिकली होती.

त्या दिशी तिनं भाकरी केल्या, आमटी केली, भात केला. समदं झ्याक. शेवटाला चटणीसाठी शेंगदाणं तव्यावर टाकलं. आत्याबाई बाहीर वट्ट्यावर तानीला घिऊन बसली होती. मी आत. चुलीत निखारं तेवढं होतं. मी म्हटलं — किती मायेनं म्हटलं म्हणून सांगू — “सगुणा, दाणं मी बघते. तू तिकडं भिताडाकडं तोंड करून लसूण सोल. धुरानं तुजं डोळं दुखत्यात.”

ती बसली. पाठ करून. आन् मी चुलीत तुराट्या सारल्या. एक मूठ. मग आनकी एक.

सांगितलं बघ. हेच ते.

दाणं काळं पडलं. वास घरभर झाला, बाहीर गेला. मी गप उभी. आन् सगुणा लसूण सोलत बसली होती, खुशीत, गुणगुणत — जळक्या वासात बसून. आत्याबाई दारात आली तरी हिला पत्ता न्हाय. आत्याबाईनं तवा बघितला, हिला बघितलं. म्हणाली, “अगं, जिला जळल्याला वास येत न्हाय, तिच्याजवळ पोर निजवायची? पेटलं तर?”

आन् मला विचारलं, तू हितं असून गप का बसलीस? मी म्हटलं, तुमीच म्हणालात की, एकलीनं करू दे.

सगुणा उठली. तव्याकडं बघितलं. तिला मी सांगितल्यालं आठवायला पायजे होतं की न्हाय? आठवलं असंलच. पर ज्या बाईला आपल्याच डोक्याचा भरवसा ऱ्हायला न्हाय, ती दुसऱ्याला कशी खोटी पाडंल? तिला वाटलं, आक्कानं तसं म्हटलंच नसंल, आपल्याच डोक्यात कायतरी झालं असंल. ते करपलं दाणं निवडत बसली, त्यातलं एखादं बरं निघतंय का बघत. पुन्यांदा तिनं तानीला मागितलं न्हाय.

मला भ्या वाटत होतं की तानी मला काकी म्हणंल. म्हणून मी तसं केलं. तानी तिला काकी म्हणायला लागली. सख्ख्या आईला. मी एकदाबी थांबवलं न्हाय. सगुणा तिची येणी घालायची, लांबनं तिला खेळताना बघायची, आन् पोर रडली की स्वताच म्हणायची, “जा, आयेकडं जा.” माज्याकडं धाडायची.

गेल्या साली सगुणाला ताप भरला, त्यातच ती गेली. जायच्या आदल्या दिशी सांजच्याला तिनं माजा हात धरला. शब्द अडत होतं, तरी नीट बोलली. “आक्का, माज्या फुटक्या डोक्यापायी तुमाला लई तरास झाला. माजी पोर तुमाला वाढवावी लागली. मला माफ करा.”

तानी उशाशी बसून तिचा हात न्हाय, माजा पदर धरून होती. मी एवढं एक तोंड उघडलं असतं, तर पोर एकदा तरी तिला आये म्हणाली असती. तेवढा येळ होता.

मी म्हटलं, “असू दे सगुणा. केलं माफ.”