उजवा हात आणि खिशातला कॅमेरा

धाराशिवहून सोलापूरला जायला एसटीला दोन तास पुरतात. त्या दिवशी ते संपूच नयेत असं मला वाटत होतं. नवा कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस खुशीत असायला हवा. मी मात्र उजवा हात मांडीखाली दाबून खिडकीशी बसलो होतो.

दिवाळीपासून हा हात थरथरतो. आधी वाटलं, थंडी असेल. मग फोटो हलायला लागले. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी आई त्यांना चमच्यानं चहा पाजायची. त्या भीतीपोटी मी डॉक्टरकडे फिरकलो नाही. बायकोला, सुनंदाला, सांगितलं की जुन्या अवजड कॅमेऱ्यानं मान धरते, तेव्हा रोज खिशात मावेल असा छोटा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घेतो. खरी गोष्ट अशी की काही मिररलेसमध्ये हाताची थरथर सावरून घेणारी सोय असते, हे मी वाचलं होतं. आमच्या गावातला फोटोवाला माझाच जुना विद्यार्थी. त्यानं हात पाहिला असता तर संध्याकाळच्या आत बातमी घरी पोचली असती. म्हणून सोलापूर.

तुळजापूरचा घाट उतरला आणि ज्वारी काढून मोकळी झालेली रानं लागली. कडब्याच्या गंजीवर एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून उभी होती. एरवी मी असा फोटो सोडला नसता. हात मांडीखालीच राहिला.

सोलापुरात उतरून आधी जेवलो. कडक भाकरी (पापडासारखी कुरकुरीत वाळवलेली भाकरी) आणि शेंगाचटणी. चमच्यातली अर्धी चटणी ताटाबाहेर सांडली. समोरचा माणूस माझ्याकडेच बघतोय असं वाटून मला घाम फुटला. तो बिचारा फोनमध्ये गुंग होता.

नवी पेठेतल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात मल्लिनाथ नावाचा चाळिशीचा मालक आणि गल्ल्यामागे त्याचे वडील होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. "बर्री, बर्री (या, या)," अप्पा कानडीत म्हणाले.

मल्लिनाथनं तीन कॅमेरे पुढं ठेवले. पहिला शर्टाच्या खिशात मावेल इतका चपटा होता, पण त्यात थरथर सावरायची सोय नव्हती. समोरच्या साडीच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढला, तर अक्षरं दोन-दोन दिसायला लागली.

"फोकस चुकला आसंल, सर," मल्लिनाथ म्हणाला.

"हो, फोकसच," मी घाईनं म्हणालो.

दुसऱ्यात ती सोय होती, पण तो खिशात मावेना. तिसऱ्यात ती सोयही होती आणि तो विजारीच्या खिशात जेमतेम बसला. तीच पाटी पुन्हा टिपली. या वेळी खालची बारीक अक्षरंही नीट वाचता आली. मला भर दुकानात रडू फुटतंय की काय असं झालं. हाच द्या, म्हटलं.

मल्लिनाथ बिल करायला आत गेला. अप्पांनी विभूतीची डबी पुढं ओढली. विभूती लावल्याशिवाय इथून एकही कॅमेरा बाहेर जात नाही म्हणे. त्यांनी कॅमेऱ्याचं भिंग सोडवून बाजूला ठेवलं. "दोन नग हायेत. दोघास्नीबी लावायची."

अप्पांचा जन्म जुन्या कॅमेऱ्यांत गेलेला. त्यांत भिंगामागं आरसा आड असायचा. मिररलेसमध्ये तो नसतो, म्हणून चित्र उमटतं तो नाजूक भाग उघडाच पडतो. त्यावर राख बसली की प्रत्येक फोटोत डाग.

"घ्या की, पैली चिमूट मालकाची."

नको म्हणावं तर 'कडेला लावा' म्हणतील, मग हाताचं सांगावं लागणार. मी चिमूट घेतली. कडेला लावू म्हणून हात पुढं नेला आणि तो नेमका त्या उघड्या तोंडावर थरथरायला लागला. राख भुरभुरली. अप्पांनी एका हातानं माझं मनगट पकडलं, दुसऱ्यानं कॅमेरा झटकन पालथा केला. राख काउंटरवर पडली.

"कवापास्नं हाय हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"दिवाळीपासून."

"घरात म्हाईत हाय?"

"नाही."

"मंग ह्यो कॅमेरा कशापायी घ्यायलाव? लपवाय?"

अप्पांनी भिंग जागच्या जागी बसवलं, विभूतीचं बोट कॅमेऱ्याच्या बुडाला लावलं आणि मग माझ्या कपाळाला. मल्लिनाथ बिल घेऊन आला तेव्हा ते काउंटर पुसत होते.

परतीच्या गाडीत कॅमेऱ्यात पुन्हा पुन्हा ती पाटी पाहत होतो. इतका स्वच्छ फोटो मी कित्येक दिवसांत काढला नव्हता. आनंद व्हायचा तिथं जास्तच भीती वाटली. हा कॅमेरा खिशात असला तर वर्षभर कुणाला पत्ता लागणार नाही. हात किती बिघडला ते मलाही कळणार नाही. धाराशिव येईपर्यंत मी ती सोय बंद कुठून करायची ते शोधून ठेवलं.

सुनंदानं दार उघडलं. "आणला का? काढा बघू माझा एक."

मी ती सोय बंद केली, फोटो काढला आणि तिच्यापुढं धरला.

"अहो, हलला की. एवढे पैसे घालून?"

"कॅमेरा चांगला आहे. माझा हात हलतो. दिवाळीपासून."

कॅमेरा काढून घेऊन तिनं फळीवर ठेवला आणि माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिथं तो जास्तच थरथरायला लागला. मी सोडवून घेतला नाही.